साटमबाईंची हजेरी

साटमबाईंनी मला पहिल्याच दिवशी नापास केलं.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या वॉर्डाच्या टोकाला आमच्या संशोधन प्रकल्पाची खोली होती. तिथं आकडेवारीचं काम बघायला मी रुजू झाले, तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. गिरगावात वाढलेली, दोन नोकऱ्या करून आलेली आणि स्वतःच्या हुशारीबद्दल फारशी शंका नसलेली अशी मी बाई. दुपारी डबे उघडले तेव्हा समोर एक सावळ्या, काटक, साठीच्या बाई येऊन बसल्या. चापून नेसलेली सुती नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "गेल्या म्हयन्यात किती जण इले नाय?"

मी सकाळीच यादी चाळली होती. ऐटीत म्हटलं, "बारा टक्के."

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "टक्के नको गो बाय. माणसां सांग."

मी यादी आणायला उठू लागले. मग त्यांनीच बोटांवर मोजायला सुरुवात केली. एकाचा ट्रक सुरतेला गेलेला, एकीच्या मुलीचा साखरपुडा, एकाची आई जिन्यावरून पडलेली, एकाला नवऱ्यामुलाचा बाप म्हणून मिरवायचं होतं म्हणून इस्पितळाचं तोंड बघायचं नव्हतं. प्रत्येकाचं नाव, चाळ, मजला. माझे बारा टक्के माझ्यासमोर असे एकेक करून उभे राहिले आणि मी आमटी ओरपली. बाई उठताना एवढंच म्हणाल्या, "शिकशीत हळूहळू."

आमचं संशोधन काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण बाईंचा सगळा जीव त्यात होता. एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी केंद्रांतून फुकट मिळायला लागल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. ज्यांच्या घरच्यांनी आशा सोडली होती ती माणसं गोळ्या घेऊन उठून बसली, कामाला लागली, पोरांची लग्नं करायला लागली. मग डॉक्टरांपुढे नवा प्रश्न आला. हा विषाणू अंगात दाबून ठेवून माणूस दहा-वीस वर्षं जगला, तर त्याच्या हाडांचं, हृदयाचं, मूत्रपिंडांचं काय होतं? आजार शांत असला तरी शरीर आतून धुमसत राहतं, आणि गोळ्यांपैकी एखादी काही जणांच्या मूत्रपिंडांना बाधते. हे वेळीच कळायचं तर त्याच माणसाला दर सहा महिन्यांनी बोलवायचं, त्याचं रक्त घ्यायचं, हाडांची घनता मोजायची, आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं. माणूस यायचा थांबला की सगळं मुसळ केरात.

हे सगळं बाई रुग्णांना दोन-तीन वाक्यांत सांगत. "रोग निजलो हा. पण निजलो हा तो तुझ्याच घरात. येऊन बघूक नको?"

बाईंची नेमणूक कागदावर 'क्षेत्रसेविका' अशी होती. त्या स्वतःला नायकीण म्हणवत. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंगखात्यातल्या बायकांवर देखरेख करायला एक बाई असे, तिला नायकीण म्हणत, आणि बाई लालबागजवळच्या एका गिरणीत ब्याऐंशीचा संप होईपर्यंत तेच काम करत होत्या. संपात गिरणी गेली. पुढे काही वर्षं त्यांनी खानावळ चालवली, मग इस्पितळात आया म्हणून लागल्या, निवृत्त झाल्या आणि आमचे प्रकल्पप्रमुख डॉक्टर रेग्यांनी त्यांना प्रकल्पात ओढून आणलं. या तीन ओळींपलीकडे त्यांच्या चरित्राची मी कधी चौकशी केली नाही. त्यांनीही माझी केली नाही, फक्त मी कर्मचाऱ्यांच्या लिफ्टनं येते यावरून त्या मला अधूनमधून टोमणे मारत.

त्यांची काम करायची पद्धत बघायची तर त्यांच्याबरोबर फिरायला हवं. एकदा मी हट्टानं गेले. वरळीच्या बीडीडी चाळीत एक म्हातारी आमच्या यादीत होती. मुलगा, सून, नातवंडं, एकच खोली. खोलीत शिरल्या शिरल्या बाईंनी फर्मावलं, "च्या टाक गो." सुनेनं चहा केला आणि फुलापानांच्या कपांत आमच्यापुढे ठेवला. खिडकीच्या कट्ट्यावर एक पोचा पडलेला स्टीलचा पेला वेगळा उपडा घातलेला होता. तो कोणाचा हे विचारायची गरज नव्हती. बाईंनी आपला कप बाजूला सारला, उठून तो पेला घेतला आणि त्यात चहा ओतून घेतला. सून म्हणाली, "अवो, तो आईंचा आहे." "म्हायत हा," बाई म्हणाल्या आणि फुर्र करून प्यायल्या. चहा संपेपर्यंत दुसऱ्या काहीबाही गप्पा मारल्या. निघताना पेला स्वतः विसळला आणि फडताळात इतर भांड्यांच्या रांगेत नेऊन लावला. पुढच्या खेपेला तो पेला तिथंच होता, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. सांगताना जरा फुशारकी मारली, आणि ती त्यांना शोभून दिसली.

दुसरी गोष्ट म्हणजे 'गावी गेले' हे कारण त्या मानत नसत. आमच्या फॉर्मवर गैरहजेरीच्या कारणांचे चौकोन होते, त्यातल्या या चौकोनावर बाईंनी कधीही खूण केली नाही. "गाव खयचा? कोणाकडे ऱ्हवता? कधी येतलो?" याची उत्तरं मिळाल्याशिवाय त्या जागच्या हलत नसत. त्यासाठी त्यांचा हुकमी रस्ता होता गावमंडळाच्या खोल्यांचा. कोकणातल्या एकेका गावच्या माणसांनी वर्गणी काढून गिरणगावात एकेक खोली घेतलेली असायची. भिंतीला ट्रंकांची चळत, दोरीवर वळकट्या, आणि गावाकडून आलेला किंवा गावाकडे निघालेला प्रत्येक माणूस या खोलीवरून जाणार. बायका सहसा अशा खोल्यांत जात नाहीत. बाई दारात उभ्या राहून आत हाक घालत, आणि पत्ते खेळणारे पाच-सहा बाप्ये चड्ड्या-बनियनवर धडपडत उठून उभे राहत. पाच मिनिटांत कोण कुठल्या वाडीत आहे, त्याच्याजवळ किती दिवसांच्या गोळ्या आहेत, त्याला निरोप कोण नेईल, सगळं ठरलेलं असे.

मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, एक खूण केली असती तर काय बिघडलं असतं? अर्धा दिवस गेला आपला."

आम्ही काळाचौकीहून चालत परत येत होतो.  बाई म्हणाल्या, "एकदा केलंय मी तशी खूण."

संपात त्या आपल्या खात्यातल्या बेचाळीस बायकांची हजेरी घेत. संपात कसली हजेरी, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "कामार नसलो म्हणान काय खातां मोडलां?" दर सोमवारी वही घेऊन त्या घरोघर जात, कोणाकडे चूल पेटते, कोणाकडे नाही, हे बघत आणि जमेल तशी तांदूळ-डाळ इकडची तिकडे करत. दुसऱ्या वर्षी बायका एकेक करून गावाकडे पांगल्या. सुमन म्हणून एक होती. तिच्या दाराला कुलूप दिसलं, शेजारीण म्हणाली गावाला गेली. बाईंनी वहीत तिच्या नावापुढे 'गावी' असं लिहिलं आणि पान उलटलं.

"गावाक नाय गेलेली ती. दोन गल्ल्या सोडून पलीकडे होती. नवऱ्यान टाकलेली, पोटाक नाय. माका तोंड दाखवूची लाज वाटली तिका. आणि मी, नायकीण, दोन गल्ल्या पलीकडे जाऊक नाय."

दहा-बारा वर्षांनी बाई आया म्हणून वॉर्डात झाडू मारत असताना टोकाच्या खाटेवरून कोणीतरी "नायकिणबाय" अशी हाक मारली. ती सुमन होती. तेव्हा या आजाराच्या माणसाला हात लावायला इस्पितळातसुद्धा माणसं धजत नसत, तिचं ताट लांबून सरकवलं जाई. बाईंनी तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, आणि ती गेली तोपर्यंत तिचं सगळं केलं. त्या दिवसांत औषध नव्हतंच.

हे सांगून झाल्यावर बाईंनी मला रस्ता ओलांडायला लावला आणि कोपऱ्यावर उसाचा रस पाजला. मी तो चौकोन पुढे फॉर्मवरून काढून टाकला.

आमचं सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं असं मात्र नाही. रक्त घ्यायच्या दिवशी बाई आमच्या खोलीच्या दारात उभ्या राहत आणि पॅसेजच्या टोकाला माणूस दिसला की खणखणीत आवाजात, "ए घाडी, इलंस? रे वा!" अशी सलामी देत. मला घाम फुटायचा. कोणाचं नाव बाहेर फुटू नये म्हणून आम्ही एवढी काळजी घेतलेली. कार्डावर नाव नाही, फोटो नाही, फक्त नंबर. आणि इथं हा लाऊडस्पीकर! मी रीतसर भांडले. म्हटलं, "शेजारच्या ओपीडीत त्यांच्याच चाळीतला कोणी बसलेला असला तर?" बाईंना ते पटलं. त्यांना पटलं की त्या हुज्जत घालत नसत. "चुकला माझा," म्हणाल्या. मी ठरवून टाकलं की रक्ताच्या दिवशी बाईंनी दारात थांबायचं नाही, फिरतीवर जायचं, आत सगळा कारभार नंबरानं होईल.

तो नियम माझा होता. हे मी आजही कोणाला सांगताना आधी सांगते.

विश्राम घाडी हा त्या सलामीतला घाडी. पन्नाशी उलटलेला, बुटका, मितभाषी. सहा वर्षं गिरणीत बदली कामगार होता. म्हणजे कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी, त्याच्या हजेरीच्या तिकिटावर, त्याच्या साच्यावर म्हणजे मागावर दिवसभर काम करणारा. कायम व्हायच्या आत संप झाला आणि ते राहिलंच. आता तो लोअर परळला एका टॉवरच्या फाटकावर वॉचमन होता आणि काळाचौकीला गावमंडळाच्या खोलीत राहत होता. दर सहा महिन्यांनी त्याची नोंद चोख येत असे.

माझा नियम लागू झाल्याला दीड वर्ष झालं असेल. मोठा अहवाल तयार होत होता, महिन्याभरात प्रकल्पाला पैसे देणारे पाहुणे येणार होते. घाडीचे आकडे बघून डॉक्टर रेगे खूश होते. पांढऱ्या पेशी भरघोस वाढलेल्या, मूत्रपिंडं ठणठणीत, हाडंसुद्धा आधीपेक्षा भक्कम. असं एखादं उदाहरण अहवालात असलं की वाचणाऱ्याला हुरूप येतो. मी आलेख काढून घेतला आणि कौतुकानं बाईंना दाखवला. म्हटलं, "बघा तुमचा घाडी. हाडं जवान झालीत त्याची."

बाईंनी कागदाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "कोणाची हाडां?"

"घाडींची."

"पंधरा दिवसांमागे मी तेका खोलीच्या जिन्यार बघितलंय. पायाक ही सूज. कठड्याक धरून एकेक पायरी. आणि तू सांगतंस हाडां जवान झाली?" त्या उठून उभ्या राहिल्या. "तेची उंची किती लिवली हा?"

उंची म्हटल्याबरोबर मी यादी पुढे ओढली. हाडांची घनता मोजताना दर वेळी उंचीही घेतात. घाडीची उंची तीन खेपांपूर्वी एकदम सहा सेंटीमीटरनं वाढली होती. मला ते आठवत होतं, कारण ती चूक मीच दुरुस्त केली होती. पन्नाशीचा माणूस उंच कसा होईल, नर्सनं घाईत चुकीचं लिहिलं असणार, असं म्हणून मी तिन्ही वेळा जुनी उंची टाकून मोकळी झाले होते. साऱ्या नोंदीत तेवढाच एक आकडा खरं बोलत होता आणि मी त्याला गप्प केलं होतं.

मी बाईंना ते सांगितलं आणि आम्ही तशाच लोअर परळला गेलो. घाडी फाटकाजवळच्या स्टुलावर बसला होता. बुटांच्या नाड्या सोडलेल्या, पावलं बुटांत मावत नव्हती. चेहरा फुगलेला. बाईंना बघून उठायला लागला.

"बस. रक्त कोण देता तुझा?" बाईंनी विचारलं.

"मीच," तो म्हणाला. बाई बघत राहिल्या. मग तो म्हणाला, "सहदेव देता."

सहदेव त्याचा धाकटा भाऊ. धडधाकट, गोदीकडे माल चढवायला जाणारा. हा आजार त्याला नव्हता.

"कित्याक?"

"रजा गावत नाय, बाय. सकाळी फाटक सोडलंय तर नोकरी जातली. आणि इलंय नाय तर तुमच्या यादीतसून नाव कमी होतला, गोळ्यो बंद होतल्यो. म्हणान बदली दिलंय." त्याच्या आवाजात चोरी नव्हती. खरं तर थोडा अभिमानच होता, की एकही खाडा पडू दिला नाही. "कार्डार नाव खय आसा? तिकीट नंबर तेवढो. मी सहा वर्सां दुसऱ्याच्या तिकिटार साचे चालवलंय. कापड निघालाच मा?"

मी वही छातीशी धरून उभी होते. सारी उमर कोणाच्या तरी जागेवर उभं राहून काढलेल्या माणसाला आम्ही नावाऐवजी नंबर दिला होता, आणि त्यानं त्याचा त्याला माहीत असलेला अर्थ घेतला होता. यादीतून नाव गेलं तरी गोळ्या बंद होत नाहीत, हे त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि त्याचा मला रागही आला, कारण रडायची पाळी माझी नव्हती.

मला वाटलं बाई त्याला फाडून खातील. त्या त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. "कापड कोणी पण विणलान तरी कापडच, विश्राम. पण मूतपिंड तुझा आसा. ता सहदेवाकडे नाय." मग उठून पदर खोचला. "उद्या सकाळी तू येतलंस. फाटकार सहदेवाक उभो कर. हय बदली चालता, थय चालत नाय."

दुसऱ्या दिवशी घाडी आला. त्याचं स्वतःचं रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टर रेगे खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. गोळ्यांतली एक त्याच्या मूत्रपिंडांना बाधली होती आणि सहदेवाच्या निरोगी आकड्यांआड दीड वर्ष ते कोणाला दिसलं नव्हतं. आणखी दोन-तीन महिने गेले असते तर डायलिसिसला पर्याय उरला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी त्याला दाखल केलं आणि गोळ्या बदलल्या.

संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. डॉक्टर रेगे भला माणूस. पण त्यांच्यासमोर महिन्यावर आलेले पाहुणे होते. ते म्हणाले, "घाडीची नोंद आपण वगळू. एका माणसानं अहवाल बदलत नाही."

"एकच कशावरून?" बाई म्हणाल्या.

"बाई, सगळी यादी पुन्हा तपासायची म्हणजे चार महिने जातील. पाहुण्यांना काय सांगू? सांगितलं तर प्रकल्प बंद पडेल."

"डॉक्टर, गिरणी बंद पडली, संप मोडलो, मी जितीच आसंय मा? प्रकल्पाचा काय ता तुमी बघा." बाईंचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पण तुमी गुपचूप एक नाव काढलास, तर उरलेल्यांत अजून कोणाचे पाय सुजले हत ता माका कोण सांगतलो? सगळ्यांची हजेरी परत घेऊक व्हयी. तोंड बघून. मी घेतंय."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी आकडेवाली, मी काहीतरी मधला मार्ग काढीन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी उंचीची गोष्ट सांगून टाकली. माझ्या हातानं तीन वेळा आकडा बदलला, तेही सांगितलं. त्यांनी समोरचा आलेख उपडा घातला. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पाहुण्यांना मी लिहितो."

पुढचे चार महिने बाई सकाळी आठला निघत. शिवडी, काळाचौकी, वरळी, लालबाग, एकेक माणूस गाठून, तोंड बघून, त्याच्याशी बोलून यायच्या आणि माझ्यासमोर बसून "हजर" असं सांगायच्या. आणखी तीन बदल्या सापडल्या. त्यातली एक होती रेशमा. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटायच्या डंखावर काम करणारी, चौतीस वर्षांची. कंबर आणि खुबा इतका दुखायचा की इस्पितळाचा जिना तिला चढवत नव्हता, आणि दुखण्याचं कारण शेठला कळलं तर काम जाईल ही भीती. म्हणून बहीण येत होती. बाईंनी तिला दोन दिवस स्वतःबरोबर टॅक्सीनं आणलं आणि तिच्या शेठला, आपल्या भाचीला कंबरेचा पट्टा बसवायचा आहे, असं बिनदिक्कत सांगून रजा मिळवली.

पाहुण्यांनी पैसे सहा महिने रोखून धरले. आमच्यातली निम्मी माणसं सोडून गेली. पण प्रकल्प बंद पडला नाही. आणि माझा नियम बदलला. बाई पुन्हा दारात बसायला लागल्या, या वेळी तोंड मिटून. माणूस समोर आला की त्या त्याच्याकडे बघत, मान हलवत. ती मान हलल्याशिवाय नर्सनं सुई लावायची नाही. हाक मारायची इतक्या वर्षांची सवय, त्यामुळे पहिले काही दिवस त्यांनी ओठ पदरानं दाबून धरलेले मला दिसायचे.

घाडीची मूत्रपिंडं पूर्ण सुधारली नाहीत, पण सावरली. फाटकाची नोकरी गेली. त्याला आमच्याच इस्पितळात एका बँकेच्या एटीएमपाशी बसायचं काम मिळालं, ते बाईंनी कसं मिळवलं मला माहीत नाही.

मूळचा अहवाल मी फाडला आणि नवा व्हायला दोन वर्षं लागली. तो तयार झाला तेव्हा बाईंनी आणखी एक हट्ट धरला. परदेशात, दिल्लीत कुठं वाचायचा तिथं वाचा, पण ज्यांची हाडं आहेत त्यांना आधी सांगा. डॉक्टर आता त्यांच्याशी वाद घालत नसत. लालबागला महापालिकेच्या एका शाळेतला वर्ग आम्ही रविवारी सकाळी घेतला. बाहेर फळ्यावर 'हाडांचे आरोग्य : चर्चा' एवढंच लिहिलं, म्हणजे कोणाला शंका नको. लहान मुलांच्या बाकांवर आमची मोठी माणसं गुडघे मुडपून बसली. डॉक्टरांनी साध्या मराठीत सगळं सांगितलं. कोणती गोळी कोणाला बाधते, रक्त केव्हा तपासायचं, दूध, ऊन, चालणं. आपली चूक कशी झाली हेही सांगितलं. घाडी पहिल्या बाकावर होता, तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग प्रत्येकाला त्याचा त्याचा कागद दिला.

बाई तेव्हा सत्तरीला आल्या होत्या. अहवालाबरोबर माझं तिथलं काम संपलं, म्हणून तीच माझी त्यांची शेवटची भेट. पुढच्या वर्षी त्या गेल्या.

सभा संपल्यावर आम्ही त्यांना शाल-नारळ द्यायचं ठरवलं होतं. शोधतो तर बाई वर्गात नाहीत. मी नारळ हातात घेऊन खाली आले. फाटकाबाहेर रेशमा भिंतीला टेकून रडत होती आणि बाई तिच्या हातातला कागद लांब धरून वाचायचा प्रयत्न करत होत्या.

"काय लिवला हा ह्यात?"

"छत्तीस वर्षांची मी," रेशमा म्हणाली, "आणि हाडं साठीची झालीत म्हणतात. म्हातारी झाले मी, बाय. संपलं माझं."

बाईंनी कागदाची घडी करून तिच्या ब्लाउजात खोचली. "साठीची ना? माझी सत्तरीची आसत. तुझ्यापेक्षा धा वर्सांनी मोठी." चिंचपोकळीच्या पुलाकडे त्यांनी बोट दाखवलं. रेशमा पुलापलीकडे राहायची. "डॉक्टरांनी चालूक सांगितला हा मा? चल. बघूया पुलार आधी कोण पोचता."

रेशमा रडता रडता हसली. बाईंनी तिची वाट बघितलीच नाही, त्या निघाल्यासुद्धा. मग तीही खुब्यावर हात ठेवून, लंगडत त्यांच्या मागे निघाली. मी हाक मारणार होते, पण नारळ काखेत धरला आणि फाटकाशीच थांबले.

चढाच्या अर्ध्यापर्यंत बाई चार पावलं पुढे होत्या. तिथं त्या थांबल्या, वाकल्या आणि चपलेचा अंगठा नीट करायला लागल्या. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं, हे मला एवढ्या लांबूनही कळत होतं. रेशमा त्यांना मागे टाकून पुढे गेली.